सामान्यज्ञानाची गणिती कोडी: संकेतापासून उत्तरापर्यंत

चंद्रावर माणूस पहिल्यांदा उतरला ते वर्ष घ्या. त्यातून फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली ते वर्ष वजा करा. उरलेल्या संख्येला युरोपीय संघाच्या झेंड्यावर जितके तारे आहेत तितक्यांनी भागा.

१९६९ वजा १७८९ म्हणजे १८०. इथपर्यंत बहुतेक जण पोचतात. मग झेंडा येतो आणि कुणीतरी म्हणतं, संघात २७ देश आहेत, म्हणजे तारेही २७. पण १८० ला २७ ने निःशेष भाग जात नाही, ६.६६ असं काहीतरी येतं. काही जण तेवढंच लिहून मोकळे होतात किंवा कोडंच चुकलंय म्हणून सोडून देतात. काही जण मात्र थबकतात. रचणाऱ्यानं भाग जाईल असंच गणित बेतलं असणार, तेव्हा आपला २७ हा आकडाच तपासायला हवा, असं त्यांच्या लक्षात येतं. झेंड्यावरचे तारे १२ आहेत. देश वाढोत की घटोत, ते बदलत नाहीत. १८० भागिले १२ बरोबर १५.

अशा कोड्यांत सगळी माहिती आधी गोळा करायची आणि शेवटी गणित उरकायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. मला ती उलटी वाटते. गणित पहिल्यापासून हाताशी ठेवलं तर कुठला आकडा चुकलाय, कुठला शोधायची गरजच नाही आणि कुठला डोळ्यांत तेल घालून तपासायला हवा, हे तेच सांगतं. कसं, ते एका मोठ्या कोड्यावर सविस्तर पाहू.

आधी सांगाडा

क = १६०९ साली छापलेल्या शेक्सपिअरच्या संग्रहातली सुनीतं
ख = माणसाच्या कवटीतली हाडं
ग = सूर्यमालेतले ग्रह
घ = संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे सदस्य
च = पियानोच्या पट्ट्या
छ = आर्सेनिकचा अणुक्रमांक

(क + ख × ग) ÷ घ × च + छ = ?
उत्तर विसाव्या शतकातलं एक वर्ष आहे.

पुष्कळदा कोडं असं नीट मांडलेलं नसतं. ‘शेक्सपिअरच्या सुनीतांत कवटीच्या हाडांची ग्रहांपट मिळवा...’ अशा लांबलचक वाक्यात ते येतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे वाक्य मोडून अक्षरं नेमणं. या टप्प्यावर एकही आकडा लिहू नका. आकडा दिसला की हात लगेच गुणाकार-भागाकार करू लागतो आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग वाचायचा राहून जातो.

क्रियांचा क्रमही इथेच ठरवून टाका. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ सगळ्यांना पाठ असतं, पण ते अक्षरशः चालवलं तर फसवतं. भागाकार-गुणाकार एकाच पातळीवरचे, बेरीज-वजाबाकीही तशाच. एका पातळीवर डावीकडून उजवीकडे जायचं. १० − ३ + २ चं उत्तर ९. ‘बे’ आधी म्हणून आधी ३ + २ केलं तर ५ येतं आणि ते चूक. आपल्या कोड्यात ‘÷ घ × च’ आहे, तेव्हा आधी घ ने भागायचं, मग च ने गुणायचं. कोडं शब्दांत असेल आणि कंस नसतील, तर रचणाऱ्याला ‘जसं वाचाल तसं करत जा’ हेही अभिप्रेत असू शकतं. अशा वेळी दोन्ही वाचनं कागदावर ठेवा. कुठलं खरं ते गणितच पुढे सांगेल.

आता प्रत्येक अक्षरापुढे आपली खात्री लिहा. मी तीनच शब्द वापरतो: पक्का, डळमळीत, कोरा. समजा एखाद्यासाठी चित्र असं आहे: च पक्का, ८८. ख, ग आणि घ डळमळीत. क ‘दीडशेच्या आसपास’ एवढंच आठवतंय. छ कोरा. डळमळीत म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय. ते सगळे लिहायचे, मनात ठेवायचे नाहीत.

संकेताची हद्द कुठे संपते?

डळमळीतपणा बहुतेक वेळा अज्ञानातून येत नाही. संकेताची हद्द आखलेली नसते, म्हणून तो येतो. ‘कवटीतली हाडं’ घ्या. शरीरशास्त्रात सर्वसाधारण उत्तर २२: मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४. पण दोन्ही कानांतली मिळून ६ इवली हाडं धरली तर २८, आणि जिभेच्या मुळाशी असलेलं कंठास्थी धरलं तर २९. तिन्ही आकडे छापील सापडतात. तिन्ही लिहून ठेवा.

‘सूर्यमालेतले ग्रह’ आज ८. ऑगस्ट २००६ पूर्वी रचलेल्या कोड्यात ९. इथे काळाची हद्द आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य जुलै २०११ पासून १९३, त्याआधी १९२. मूलद्रव्यं ११८, पण त्यातल्या शेवटच्या चारांची नावं २०१६ साली पक्की झाली, त्यामुळे जुन्या कोड्यात कमी धरलेली असू शकतात. सुरक्षा परिषदेचे सदस्य १५. त्यातले ५ स्थायी, आणि बातम्यांत तेच दिसत असल्यामुळे अनेकांच्या तोंडून ‘पाच’ निघून जातं. सनदेतल्या १९६५ च्या दुरुस्तीआधी ही परिषद ११ जणांची होती, हाही एक पर्याय लिहून ठेवायला हरकत नाही. कोडं कधी रचलं गेलं, हा प्रश्न विचारायला लोक विसरतात. संकेत कालपरत्वे बदलणारा असेल, तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

हद्दीचे आणखी काही प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. अपोलो मोहिमांत चंद्रापर्यंत गेलेली माणसं २४, पण चंद्रावर चाललेली १२. बुद्धिबळाच्या पटावरची घरं ६४, मात्र ‘पटावर एकूण चौरस किती’ असं विचारलं तर लहानमोठे सगळे धरून २०४. माणसाचे दात ३२ की दुधाचे २०? नोबेल पारितोषिकाची क्षेत्रं मृत्युपत्रातली ५, की १९६९ पासून दिलं जाणारं अर्थशास्त्राचं धरून ६? खंडांचं तर विचारूच नका. कुठे सात शिकवतात, कुठे सहा, कुठे पाच, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. रचणारा जाणता असेल तर तो असे संकेत टाळतो. तरी ते आलेच, तर एकच आकडा धरून बसू नका.

काही ठिकाणी मात्र मन परस्पर आकडा बनवतं. गोमेला शंभर पाय, हे त्यातलंच. गोमेच्या पायांच्या जोड्या प्रौढपणी विषमच असतात, तेव्हा ५० जोड्या होणारच नाहीत आणि पाय नेमके शंभर भरणार नाहीत. संकेत वाचताक्षणी गोल, गोंडस आकडा सुचला, तर जरा सावध व्हावं.

आठवत नसेल तर काढता येतो का?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. सामान्यज्ञानाचे बरेच आकडे पाठांतराचे वाटतात, पण ते कशातून तरी तयार झालेले असतात. ती घडण माहीत असेल तर आकडा विसरला तरी पुन्हा मांडता येतो.

आर्सेनिक घ्या. अणुक्रमांक कोण लक्षात ठेवतो? पण निष्क्रिय वायूंचे क्रमांक लक्षात ठेवायला सोपे आहेत: २, १०, १८, ३६, ५४, ८६. मधली अंतरं ८, ८, १८, १८, ३२. आवर्तसारणीत प्रत्येक आडवी ओळ या वायूंपाशी संपते. आर्सेनिक नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या खाली, त्याच उभ्या रांगेत आहे, आणि ही रांग शेवटून चौथी, म्हणजे वायूच्या तीन घरं आधी. नायट्रोजन १० − ३ = ७. फॉस्फरस १८ − ३ = १५. आर्सेनिक ३६ − ३ = ३३. कोरा संकेत भरला. याच युक्तीनं फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमिन, आयोडिन (एक घर आधी: ९, १७, ३५, ५३) आणि सोडियम, पोटॅशियम (एक घर पुढे: ११, १९) हेही निघतात. सहा आकडे पाठ केले की सारणीचा मोठा भाग हाताशी येतो.

पियानोच्या ८८ पट्ट्यांचंही तसंच. पूर्ण सप्तकं ७, प्रत्येकात १२ पट्ट्या, म्हणजे ८४. खालच्या टोकाला ३ जास्तीच्या आणि वरच्या टोकाला १. त्यातल्या ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या.

खेळांतले आकडे तर गणितातूनच येतात. डॉमिनोच्या नेहमीच्या संचात ० ते ६ अशा सात संख्यांच्या जोड्या असतात, एकाच संख्येची जोडीसुद्धा धरून; ७ × ८ ÷ २ = २८. स्नूकरमध्ये एकेका गुणाचे १५ लाल चेंडू, प्रत्येकानंतर ७ गुणांचा काळा, म्हणजे १५ × ८ = १२०; मग उरलेल्या रंगांचे २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ = २७. एकूण १४७, हा नेहमीच्या खेळातला सर्वांत मोठा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण. पत्त्यांच्या कॅटात गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरले, तर एका रंगाच्या तेरा पानांची बेरीज ९१ आणि चार रंगांची ३६४. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७, म्हणून सगळ्या ठिपक्यांची २१.

घनाकृतींसाठी ऑयलरचं सूत्र पुरतं: शिरोबिंदू − कडा + पृष्ठं = २. काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षटकोनांचा तो जुन्या धाटणीचा फुटबॉल आठवा. त्यात १२ पंचकोन आणि २० षटकोन. सगळ्यांच्या बाजू मिळून १२ × ५ + २० × ६ = १८०, पण प्रत्येक कड दोन तुकड्यांत वाटलेली, म्हणून कडा ९०. पृष्ठं ३२. मग शिरोबिंदू २ + ९० − ३२ = ६०. चेंडू हातात न घेता तिन्ही आकडे मिळाले.

साहित्याचे आकडे मात्र असे निघत नाहीत. सुनीतं १५४ आहेत, कारण ती १५४ आहेत. तिथे दुसरी वाट धरावी लागते.

गणित उलट फिरवा

कोड्याच्या शेवटी एक साधी ओळ होती: उत्तर विसाव्या शतकातलं वर्ष आहे. ही ओळ शोभेची नाही. शतक १९०१ पासून २००० पर्यंत, म्हणजे उत्तराला फक्त शंभर जागा. आता शेवटून मागे जाऊ.

भागाकार केल्यावर जी संख्या येईल तिला ‘भ’ म्हणू. भ × ८८ + ३३ हे १९०१ ते २००० च्या दरम्यान हवं. भ २१ असेल तर १८४८ + ३३ = १८८१, शतकाबाहेर. २३ असेल तर २०२४ + ३३ = २०५७, तेही बाहेर. २२ असेल तर १९३६ + ३३ = १९६९. दुसरा पर्यायच नाही. म्हणजे सुनीतं, हाडं, ग्रह यांपैकी एकालाही हात न लावता उत्तर समोर आलं!

स्पर्धेत वेळ कमी असेल तर इथेच थांबून उत्तर द्यावं. पण आपण पुढे जाऊ, कारण उरलेले संकेत या उत्तराला पुष्टी देतात की विरोध करतात, हे पाहायला हवं. भ २२ आणि घ १५, तर कंसातली संख्या २२ × १५ = ३३० हवी. म्हणजे क + ख × ग = ३३०. आता डळमळीत पर्याय एकेक करून बसवा. हाडं २२ आणि ग्रह ८ धरले तर गुणाकार १७६, मग सुनीतं १५४. ग्रह ९ धरले तर सुनीतं १३२. हाडं २८ आणि ग्रह ८ असतील तर १०६; २९ आणि ८ असतील तर ९८. उरलेल्या जोड्यांत क आणखी खाली जातो, ७८ आणि ६९. आपल्याला ‘दीडशेच्या आसपास’ एवढं आठवत होतं. त्यात १५४ च बसतो. एका दमात हाडं २२, ग्रह ८ आणि सुनीतं १५४ हे तिन्ही ठरले.

घ चुकीचा असता तर? ५ धरला तर कंसातली संख्या ११० हवी, पण ख × ग हेच किमान १७६ आहे. ११ धरला तर २४२ हवी. मग सुनीतं जास्तीत जास्त ६६, म्हणजे दीडशेच्या जवळपासही नाहीत. दोन्ही बाद.

आता उलट बाजूनं, म्हणजे क पक्का १५४ असेल पण शेवटचा ‘विसावं शतक’ हा धागा नसेल, तरीही भाग जाण्याची अट पुरते. क + ख × ग चे सहा पर्याय होतात: ३३०, ३५२, ३७८, ४०६, ३८६, ४१५. १५ ने भाग जायला ३ आणि ५ दोन्हींनी जायला हवा. शेवटी ० किंवा ५ असलेले ३३० आणि ४१५ एवढेच. ४१५ च्या अंकांची बेरीज १०, तिला ३ ने भाग जात नाही. उरला ३३०. कंसातलं गणित डावीकडून उजवीकडे, म्हणजे (१५४ + २२) × ८ असं केलं तर १४०८ येतात, त्यालाही १५ ने भाग जात नाही. क्रियांच्या क्रमाचा संशयसुद्धा असा मिटतो.

एवढ्यासाठी विभाज्यतेच्या कसोट्या पुन्हा एकदा घोटून ठेवा. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज, ४ साठी शेवटचे दोन अंक, ८ साठी शेवटचे तीन, ११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक. सम-विषम तर सगळ्यात स्वस्त: भागाकार नसलेल्या गणितात उत्तर विषम हवं आणि तुमच्या सगळ्या संख्या सम असतील, तर पुढे मांडत बसण्यात अर्थ नाही.

कुठला आकडा तपासायचा

आपल्या कोड्यात सगळ्यात बेभरवशाचा संकेत कुठला? बहुतेक जण क म्हणतील, कारण तो आठवत नव्हता. पण क वर दोन पहारे आहेत, भागाकाराचा आणि शतकाचा. तो एकानं जरी चुकला तरी गणित बोंब मारतं. खरा धोका छ चा. तो सगळ्यात शेवटी नुसता मिळवला जातो. आर्सेनिक ३२ धरलं तर १९६८ येतं, ३४ धरलं तर १९७०. दोन्ही विसाव्या शतकातली, दोन्ही दिसायला निर्दोष. कुठलीही कसोटी ती चूक पकडू शकत नाही.

म्हणून एकच संकेत शोधायला वेळ असेल, तर शेवटी बेरीज-वजाबाकीत आलेला शोधा. गुणाकार-भागाकारात अडकलेले संकेत एकमेकांना सांभाळून घेतात. ही गोष्ट अनुभवी मंडळींनाही सांगावी लागते, कारण न आठवलेला आकडा टोचत राहतो आणि चुकीचा आठवलेला टोचत नाही.

शोधताना आकड्याबरोबर त्याची व्याख्या वाचा. एव्हरेस्टची उंची अनेक वर्षं ८८४८ मीटर छापली जायची. डिसेंबर २०२० मध्ये ८८४८.८६ जाहीर झाली, आणि पूर्णांक करताना ती ८८४९ होते. कोड्यात कुठली घेतली आहे हे भाग जाण्यावरून ओळखता आलं तर उत्तम, नाहीतर कोड्याची तारीख पाहा. एककांकडेही लक्ष द्या. पाणी १०० अंशांना उकळतं की २१२ ना, हे सेल्सिअस की फॅरनहाइट यावर अवलंबून; उणे ४० हा एकच आकडा दोन्ही मापांत सारखा. सागरी मैल १८५२ मीटरचा, जमिनीवरचा सुमारे १६०९ मीटरचा.

वर्षांची वजाबाकी वेगळीच

वर्षांत गणित सोपं आणि चुका जास्त, म्हणून त्यांना वेगळी जागा देतोय.

बीथोव्हेन १७७० साली जन्मला, १८२७ साली वारला. वजाबाकी ५७, पण वय ५६. जन्म डिसेंबरातला आणि मृत्यू मार्चमधला, तेव्हा त्या वर्षीचा वाढदिवस आलाच नव्हता. आइनस्टाइन मार्च १८७९ मध्ये जन्मले, एप्रिल १९५५ मध्ये गेले. वाढदिवस होऊन गेला होता, म्हणून ७६ बरोबर. ‘वयाच्या कितव्या वर्षी’ विचारलं तर आणखी एक मिळवावा लागतो, कारण ५६ पूर्ण झालेला माणूस ५७ व्या वर्षात असतो.

इसवी सन आणि इसवी सनापूर्व यांच्या मध्ये शून्य वर्ष नाही. रोमन सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये वारला. ६३ + १४ = ७७ हे पहिलं उत्तर. शून्य वर्ष नसल्यामुळे एक कमी, ७६. वाढदिवस महिनाभर पुढे होता, म्हणून आणखी एक कमी: ७५. एकाच माणसाच्या वयात दोन खड्डे.

न्यूटनचं प्रकरण याहून गमतीचं. इंग्लंडमध्ये तेव्हा चालणाऱ्या जुन्या दिनदर्शिकेनुसार जन्म २५ डिसेंबर १६४२, नव्या दिनदर्शिकेनुसार ४ जानेवारी १६४३. दोन्ही वर्षं छापलेली सापडतात आणि दोन्ही खरी. जुन्या युरोपातल्या तारखा आल्या की दोन्ही पर्याय लिहा.

‘किती वर्षं चाललं’ आणि ‘किती वर्षांत चाललं’ हेही वेगळं. दुसरं महायुद्ध सप्टेंबर १९३९ ते सप्टेंबर १९४५. कालावधी सहा वर्षांचा, पण दिनदर्शिकेतली वर्षं मोजली तर सात. आणि एकविसावं शतक २००१ ला सुरू झालं, २००० ला नाही.

ताळा

उत्तर आल्यावर जुन्या पद्धतीचा ताळा पाहा. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची आणि त्या अंकांवर तेच गणित करायचं. २२ ची ४. ८८ ची १६, मग ७. ४ × ७ = २८, म्हणजे १०, म्हणजे १. आणि १९३६ ची? १९, म्हणजे १०, म्हणजे १. जुळलं. ३३ ची ६; १ + ६ = ७; १९६९ ची २५, म्हणजे ७. तेही जुळलं. पंधरा सेकंदांचं काम. मात्र अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसत नाही. १९३६ च्या जागी १९६३ लिहिलंत तरी तो खुशाल जुळेल. भागाकाराचा ताळा गुणाकारानंच पाहावा, २२ × १५ = ३३०.

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीनं लपवलेले डबे शोधण्याचा खेळ. त्याच्या कोड्यांत हाच ताळा अनेकदा रचणाराच देऊन ठेवतो: ‘सगळ्या अंकांची बेरीज इतकी’. हा खेळ मे २००० मध्ये सुरू झाला. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. तिथे उत्तर म्हणजे अक्षांश-रेखांश, बहुधा अंश आणि दशांशातल्या मिनिटांच्या रूपात. मिनिटं ६० च्या आत हवीत, अक्षांश ९० च्या आत, आणि एका घरात एकच अंक बसतो. एखाद्या अक्षराची किंमत १४ निघाली आणि जागा एका अंकाची असेल, तर संकेत चुकीचा वाचलाय किंवा अंकांची बेरीज करायची आहे. कोड्यातली डबा लपवण्याची जागा मूळ दिलेल्या बिंदूपासून फार लांब निघाली तरी तोच अर्थ.

हात बसवायला

सोडवण्यापेक्षा रचताना जास्त शिकायला मिळतं, असं माझं मत आहे. आधी उत्तर ठरवा, मग मागे जात त्याचे अवयव पाडा आणि प्रत्येक अवयवासाठी संकेत शोधा. १९६९ मधून ३३ काढल्यावर १९३६ उरतात आणि ते २२ × ८८ आहेत, हे दिसलं की वरचं कोडं जवळजवळ तयारच होतं. रचताना प्रत्येक संकेताला ‘दुसरं उत्तर निघू शकतं का?’ असं विचारा. निघत असेल, तर तो संकेत गुणाकारात किंवा भागाकारात टाका. तिथे चुकीचा पर्याय आपोआप उघडा पडतो. बदलणारे आकडे, म्हणजे सदस्यसंख्या, विक्रम, लोकसंख्या, वापरायचेच असतील तर शेजारी वर्ष लिहा.

आता हे करून पाहा. चंद्रावर चाललेल्या माणसांची संख्या गुणिले डाव सुरू होताना बुद्धिबळाच्या पटावर असलेल्या सोंगट्या. त्यातून पंचकोन-षटकोनांच्या फुटबॉलच्या कडा वजा करा. आलेल्या संख्येला, फ्री बॉल (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर कधीकधी मिळणारी जादा संधी) न मिळता स्नूकरमध्ये करता येणाऱ्या सर्वांत मोठ्या ब्रेकनं भागा. उत्तर जितकं येईल तितक्या अणुक्रमांकाचं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्याच्या प्रकाशात दिसलं होतं, १८६८ च्या ग्रहणात. पहिल्या संकेतात २४ घेतलेत तर भागाकारच तुम्हाला अडवेल.